सात किलो आणि सहाशे मिलिमीटर

रबाळे एमआयडीसीत मी लेन्ससाठी फोम कापून घेतो त्या गाळ्याच्या दाराशी एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. खोके कुरिअरला देण्याआधी तिथे वजन होतं. गेल्या खेपेला फोम कापून होईपर्यंत मी माझी बॅग त्या काट्यावर ठेवली. आकडा दाखवत होता ९.८४. फोम कापणारा पोरगा हसला आणि म्हणाला, "साहेब, हिच्यात बंदूक आहे काय?" पांढऱ्या रंगाची, हातभर लांब लेन्स त्यानं मघाशीच पाहिली होती. बंदूक असती तर बरं झालं असतं. परवाना असलेली बंदूक विमानानं कशी न्यायची याची निदान एक ठरलेली पद्धत आहे. लेन्सची नाही.

वजनाचा हिशेब असा होता. ६०० मिलिमीटर एफ-४ ची लेन्स, कॅननची दुसरी आवृत्ती, सेकंडहँड घेतलेली: ३.९२ किलो. बॉडी साधारण १.४. शंभर-चारशेची झूम दीड किलोच्या वर. एक टेलिकन्व्हर्टर, बॅटऱ्या, कार्डं. आणि रिकामी बॅग सव्वादोन किलोंच्या पुढे. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर केबिनमध्ये न्यायला मिळतात ७ किलो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत. मापात मी बसतो. वजनात पावणेतीन किलोंनी बाहेर.

वन्यजीवांचे, पक्ष्यांचे, क्रिकेटचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात अशी मंडळी आता थोडी राहिलेली नाहीत. नवी मुंबईत तर घणसोली-ऐरोलीच्या एकेका सोसायटीत दोन-तीन 'दोनशे-सहाशे'वाले सापडतात. त्यामुळे हा प्रश्न एकदा नीट मांडावा असं वाटलं.

खरी अडचण सात किलोंची नाहीच. अडचण दोन नियमांच्या मधल्या फटीत आहे. हॅन्डबॅग जड झाली की काउंटरवरचा माणूस सांगतो, "चेक-इन करा." आता त्याच कंपनीच्या अटी वाचा. कॅमेरे, इलेक्ट्रॉनिक वस्तू, नाजूक आणि मौल्यवान सामान चेक-इन बॅगेत ठेवू नका, ठेवलंत तर नुकसानीची जबाबदारी आमची नाही, असं जवळजवळ प्रत्येक कंपनीनं छापून ठेवलेलं असतं. म्हणजे वर नेऊ देणार नाही आणि खाली दिलं तर बघणार नाही. समजा जबाबदारी घेतलीच, तरी देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान हरवलं किंवा फुटलं तर भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. परदेशी प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. तिथली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली आहे, आपल्या पैशांत पावणेदोन लाखांच्या आसपास. नवी ६०० एफ-४ दहा-बारा लाखांच्या घरात जाते. जास्त किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरायची वाट कायद्यात आहे. पण पहाटे साडेचारला काउंटरवर ती मागून बघा. समोरचा माणूस सुपरवायझरला शोधायला जातो आणि तोवर बोर्डिंग सुरू होतं.

यातली एक जुनी गंमत फारशी कोणाला ठाऊक नसते. आपल्याकडच्या विमान कंपन्यांच्या नियमावलीत कित्येक वर्षं एक यादी छापलेली आहे: हॅन्डबॅगेखेरीज प्रवाशानं अंगाबरोबर न्यायच्या वस्तूंची. बायकांची पर्स, ओव्हरकोट, ब्लँकेट किंवा रग, छत्री किंवा हातातली काठी, वाचायला थोडं साहित्य, तान्ह्या मुलाचं खाणं आणि 'एक कॅमेरा किंवा दुर्बीण'. यादीची भाषाच सांगते की ती आगफा क्लिक थ्री गळ्यात अडकवून काश्मीरला जाणाऱ्यांच्या काळातली आहे. चार किलोंची तोफ तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. पण शब्द कॅमेरा आहे आणि त्याला वजन लिहिलेलं नाही. म्हणून अनुभवी लोक काउंटरजवळ येताना बॉडी आणि मधली झूम बॅगेतून काढून सरळ गळ्यात घालतात. तीन किलो तिथेच उतरतात. याला कोणी चलाखी म्हणेल, मी म्हणणार नाही. मात्र ही यादी दाखवून वाद घालायला जाऊ नये. एक बॅग, सात किलो हा नियम अलीकडे जास्त काटेकोर झाला आहे आणि समोरच्या मुलीनं ती यादी कधी पाहिलेलीही नसते. गळ्यातला कॅमेरा मुकाट्यानं गळ्यात राहू द्यावा.

पंधरा खिशांचं जॅकेट घालून प्रत्येक खिशात एकेक लेन्स कोंबणारे महाभागही मी पाहिले आहेत. सुरक्षा तपासणीत ते सगळे खिसे ट्रेमध्ये रिकामे करताना मागची रांग जे बोलते, ते इथे छापण्यासारखं नाही.

लेन्स इतक्या जड का असतात, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. ६०० भागिले ४ म्हणजे १५०. लेन्सच्या तोंडाशी प्रकाश घ्यायला निदान १५० मिलिमीटर व्यासाची वाट हवी. जेवणातल्या मध्यम वाटीहून मोठी काच, तिच्यामागे आणखी डझनभर काचा आणि त्यांना एका रेषेत धरणारी नळी. हा भूमितीचा हिशेब आहे, कुठलीही कंपनी तो बदलू शकत नाही. कंपन्यांनी बदललं ते काचांचं स्थान. कॅननच्या ६०० एफ-४ चा पहिला इमेज स्टॅबिलायझरवाला अवतार १९९९ मधला, ५.३६ किलोंचा. दुसरा ३.९२ वर आला. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत जड काचा तोंडाकडून मागे, कॅमेऱ्याजवळ सरकवल्या. मागे प्रकाशाचा झोत अरुंद झालेला असतो, त्यामुळे काचा लहान पुरतात. वजन उतरलं ३.०५ किलोंवर. सोनीची २०१९ ची लेन्स ३.०४. म्हणजे वीस वर्षांत एकाच कामाच्या लेन्सचं वजन सव्वादोन किलोंहून जास्त घटलं. त्याच काळात विमानातले सात किलो सातच राहिले, त्यामुळे हा सगळा फायदा आपल्या पदरात पडला.

दुसरी वाट म्हणजे भागाकारच बदलायचा. ६०० ला ६.३ नं भागलं की ९५ येतात. निकॉनची ६०० एफ-६.३ पीएफ १.४७ किलोंची आहे. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. फ्रेनेल हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ. त्यानं दीपस्तंभांच्या दिव्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पातळ काच काढली, तिच्या नात्यातलीच ही लेन्स. निकॉननं २०१५ मध्ये ३०० वर आणि २०१८ मध्ये ५०० वर हे तंत्र वापरलं, आणि ५०० पीएफ आली तेव्हा ती मिळवायला लोक महिनोन्महिने थांबले. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते, एफ-४ च्या तुलनेत सव्वा स्टॉपहून थोडा जास्त. पहाटेच्या अंधारात हा फरक जाणवतो, दिवसा नाही. आजचे सेन्सर आणि नॉइज काढणारी सॉफ्टवेअरं यांनी तो आणखी पुसून टाकला आहे. माझं मत विचाराल तर, ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न नाही त्यानं आज नव्यानं ६०० एफ-४ घेऊ नये. मी घेतली ती बारा वर्षांपूर्वीच्या डोक्यानं.

बहुसंख्यांचं गणित तसं सरळ बसतं. सोनीची २००-६०० सव्वादोन किलोंच्या आत, निकॉनची १८०-६०० तेवढीच, सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० दोन किलोंच्या आसपास, कॅननची आरएफ १००-५०० तर दीड किलोच्याही आत. पाऊण किलोची बॉडी, एक साधी लेन्स आणि दीड-दोन किलोंची बॅग धरली तरी साडेपाच किलो होतात. तरीही काउंटरवर सर्वांत जास्त रडकुंडीला आलेली माणसं याच गटातली दिसतात. कारण बॅग. दुकानात दणकट, जाड गाद्यांची, चाकांची बॅग आवडते आणि ती रिकामीच तीन-साडेतीन किलो भरते. पेलिकनची केबिनच्या मापाची टणक पेटी फोमसकट सहा किलोंच्या घरात आहे. तिच्यात लेन्स ठेवायला उरतो एक किलो. बॅग घेताना आधी काट्यावर ठेवावी, मग रंग बघावा. मी आता साधी सॅक वापरतो आणि आत रबाळ्यातून कापून आणलेला ईपीई फोम ठेवतो. तीन थर, गरम तारेनं कापलेले, लेन्सच्या पोटाला चपखल बसणारे. सगळं मिळून दोनशे ग्रॅमही होत नाही.

बॅग भरताना बॉडी लेन्सपासून सोडवून ठेवायची. जोडलेली राहिली तर धक्का बसताच चार किलोंचा सगळा भार माउंटच्या स्क्रूंवर येतो. हूड उलटा बसवायचा. ट्रायपॉड, गिंबल हेड, अॅलन-की, स्क्रूड्रायव्हर कपड्यांत गुंडाळून चेक-इनला. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामीच न्यायची. ताडोब्यासाठी चंद्रपूरला पोहोचल्यावर बाजारातून चार-पाच किलो तांदूळ घेऊन ती भरावी आणि निघताना ते तांदूळ सफारीच्या जिप्सीच्या ड्रायव्हरला द्यावेत. धानाच्या मुलखात तांदूळ विमानानं नेण्याइतका वेडेपणा नाही.

बॅटऱ्यांचा नियम मात्र नेमका उलटा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या केबिनमध्येच हव्यात, कारण माणसांच्या डोळ्यांसमोर आग लागली तर विझवता येते. मर्यादा वॉट-अवरची: १०० पर्यंत परवानगीशिवाय, १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी घेऊन दोनच, त्यापुढे नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि एमएएच छापलेले असतात. त्यांचा गुणाकार करून हजारानं भागलं की वॉट-अवर मिळतात. ७.२ व्होल्ट आणि २,२८० एमएएच म्हणजे जेमतेम १६. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मर्यादेच्या खूपच खाली असतात, अडकतात ते व्हिडिओवाल्यांचे मोठे पॅक. टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. किल्ल्या, नाणी आणि बॅटरी एकाच खिशात नको.

सुरक्षा तपासणीत लेन्स एक्स-रेनं बिघडत नाही. पडद्यावर ती जाड धातूची नळी दिसते, म्हणून बॅग उघडायला सांगतात. सीआयएसएफचे जवान बहुतेक सौजन्यानं वागतात, आणि एखादा "इससे चाँद दिखता है क्या?" असं हमखास विचारतो. दाखवावं. दोन मिनिटं जातात आणि बॅग परत नीट भरायला तोच मदत करतो. फिल्मवर काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नव्या सीटी स्कॅनरमधून रोल घालू नयेत, हातानं तपासायची विनंती करावी.

खरी धास्ती छोट्या विमानांची. तिकिटावर एटीआर लिहिलेलं असलं की सावध व्हा. त्या विमानातले वरचे कप्पे लहान असतात आणि सात किलोंत बसलेली बॅगही विमानाच्या पायरीशी काढून घेतली जाते. मध्य प्रदेशातल्या एका विमानतळावर माझ्यावर ही वेळ आली. वजन बरोबर, माप बरोबर, तरी कप्प्यात मावणार नाही म्हणून पट्टी बांधून खाली गेली. "फ्रॅजाइल"चं लाल लेबल लावलं. उतरल्यावर पट्ट्यावर आली तेव्हा तिच्यावर कोणाची तरी ट्रंक उताणी पडलेली होती. हूडला तडा आणि लेन्सचा पाय, ज्याला ट्रायपॉड जोडतात तो, किंचित तिरपा. काच वाचली ती फोममुळे. काउंटरवर अर्ज भरला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: आमच्या अटींनुसार कॅमेरा ही नाजूक वस्तू आहे. तेव्हापासून एटीआरमध्ये चढताना लेन्स बॅगेतून काढून मांडीवर घेतो. बॅग हवी तर घेऊन जा म्हणतो.

विम्याची बाब थोडक्यात. घराच्या विम्यात हे सामान घराबाहेर सुरक्षित नसतं. ऑल-रिस्क प्रकारची वेगळी पॉलिसी हवी, आणि तिच्यातही चेक-इन सामान आणि उभ्या गाडीतली चोरी यांच्याबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचावं. बिलं आणि सिरियल नंबरांचे फोटो फोनमध्ये ठेवा, त्यांची गरज परतीच्या वाटेवरही पडते. परदेशात जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं. जाण्याआधी सामान दाखवायचं, नंबर नोंदवून घ्यायचे. नाहीतर परत येताना तुमची स्वतःची दहा लाखांची लेन्स तुम्ही नैरोबीहून विकत आणली नाही, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. धंद्यासाठी मोठं सामान नेणाऱ्यांसाठी कार्ने नावाचं कागदपत्र असतं. आपल्याकडे ते फिक्कीतर्फे मिळतं.

नैरोबीचं नाव निघालंच आहे. मसाई मारा हल्ली मराठी घरांत महाबळेश्वरासारखं झालं आहे. मुंबईहून सात किलो सांभाळत नैरोबीला पोहोचता आणि तिथे विल्सन विमानतळावरून माऱ्याला जाणारी छोटी विमानं हॅन्डबॅगेसकट एकूण १५ किलो देतात, तेही मऊ बॅगेत. चाकांची टणक पेटी तिथे पोटात जातच नाही. ज्यांच्याजवळ दोन जड लेन्स आहेत ते नैरोबीहून सरळ गाडीनं जातात. पाच-सहा तास लागतात, रस्ता खडबडीत, पण किलो कोणी मोजत नाही.

आता मुळावर येऊ. आपल्याकडचे लोक विमानानं लेन्स नेतात तरी कुठे? नागपूरला ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडल्यासाठी, जबलपूरला कान्हा-बांधवगडसाठी, भुजला कच्छच्या रणासाठी, जोरहाट किंवा गुवाहाटीला काझीरंग्यासाठी, लेहला हिमबिबट्यासाठी. यातल्या शेवटच्या दोन ठिकाणी विमानाला सोयीचा पर्याय नाही. पण ताडोब्याच्या पाणवठ्यावर मे महिन्यात वाघ पंधरा-वीस मीटरवर येऊन बसतो. तिथे ६०० लावली की फ्रेममध्ये त्याचे डोळे आणि मिशा तेवढ्या मावतात. माझ्या ताडोब्याच्या चांगल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त त्या शंभर-चारशेवरचे आहेत. मोठी लेन्स मी बरीच वर्षं इज्जतीपोटी नेली, हे कबूल करतो.

आणि रबाळ्याच्या माणसानं तर याचा जास्तच विचार करावा. पुढचंच स्टेशन ऐरोली आहे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटी बघून बोटी सुटतात. रोहित पक्षी स्वतः उडत येतात, त्यांच्यासाठी आपण उडायची गरज नाही. बोट हलते, त्यामुळे चार किलोंची लेन्स तिथे ओझंच होते, दोनशे-सहाशे हातात धरून काम भागतं. पक्ष्यांसाठी भिगवणलाही गाडीनं जाता येतं. खाडीच्या पलीकडे आरे आहे. नयन खानोलकर यांना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं ते तिथल्या वस्तीच्या बोळातून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोला. तो कॅमेरा ट्रॅप आणि फ्लॅशच्या उजेडात काढलेला फोटो आहे. त्यात लांब लेन्स नाही, विमान नाही, होती ती अनेक रात्रींची वाट पाहण्याची तयारी.

विमान कंपन्यांकडे मागणं फार मोठं नाही. सतार, गिटार अशा मोठ्या वाद्यांसाठी जादा आसन विकत घ्यायची सोय काही कंपन्या देतात. चेक-इनला जादा किलो पैसे घेऊन विकतातच. मग केबिनमधले तीन जादा किलो, आधी नोंदवून, ठरलेल्या दरानं का विकू नयेत? तबला घेऊन चाललेला वादक आणि लेन्स घेऊन चाललेला फोटोग्राफर यांची धास्ती एकच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणं सुरू झाली. आमच्या बाजूचे कितीतरी फोटोग्राफर आता तिथून उडतील. नव्या विमानतळावर निदान काउंटरच्या आधी प्रवाशासाठी एक उघडा वजनकाटा ठेवावा, म्हणजे कोणाला एमआयडीसीतल्या गाळ्यात जाऊन बॅग तोलावी लागणार नाही.

तोवर मी नागपूरसाठी दुसरी सोय केली आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, आणि आमणे भिवंडी तालुक्यात म्हणजे आमच्या शेजारीच. चौघं असू तर गाडी. एकटा असलो तर रबाळ्याहून लोकलनं ठाणे आणि ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेस. रेल्वेत थर्ड एसीच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं. पुढच्या महिन्याचं आरक्षण झालं आहे, खालची बर्थ मिळाली आहे, आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवलेली नाही.